हजर नसलेली चावी

माळेगावच्या बाजारात, घोड्यांच्या दावणीपाशी
माझी चावी पडली.
सकाळपासून अठ्ठावीस जनावरं तपासली होती.
खिशातून थर्मामीटर काढला, सुई काढली, रुमाल काढला,
कशाबरोबर ती गेली, कोण सांगणार.
धुळीत खूर इतके
की प्रत्येक खड्डा चावीएवढाच दिसत होता.

गाडी लिंबाखाली उभी. पांढरी, मख्ख.
काचेतून दिसत होती लसींची पेटी
आणि मला, न दिसताही, तिच्यातला वितळता बर्फ.

दुपारी नांदेडहून जगजितसिंग टाक आला, मोटारसायकलवर.
खोक्यात कानस, आणि पोतेऱ्यात गुंडाळलेला लॅपटॉप.
"आजा विळे-कात्र्या घासायचा," म्हणाला,
"बाप कुलपं. मी नंबर घासतो."

दाराच्या कुलपात त्यानं बारीक पाती सरकवली
आणि मान वळवून भलतीकडेच बघू लागला,
जशी मी बघते
म्हशीच्या पोटात कोपरापर्यंत हात घातल्यावर.
डोळ्यांचं काम नसतंच तिथं.
एक एक दात त्यानं पुटपुटत मोजला.
मशीन कुरकुरली. दार उघडलं.
मी आधी पेटी काढून सावलीला ठेवली,
मग बसून चावी फिरवली.

समोर एक लाल कुलूप लुकलुकलं. इंजिन गप्प.

"दात पटले, बोली पटली नाही," तो म्हणाला.
"मुठीत चिप असती, ताई, तांदळाएवढी. तिला सेल नसतो.
कडी असती ना चावीच्या भोकाभोवती,
तिची ऊब लागली की ती जागी होती.
गाडी इचारती, ती सांगती.
दर टायमाला नवा सवाल, नवा जवाब.
चोरानं आज ऐकला तरी उद्या तो शिळा."

"मग हरवलेली? ती मेली का?"

"मरत नाही. कुणी इचारत नाही, एवढंच."

मग त्यानं वही काढली, लाल कापडाची.
नाव, आधार, आरसी. पोलीस बघतात म्हणाला,
आमच्या आडनावाचं तर जरा जास्तच बघतात.
आरसी उन्हात धरली आणि थांबला.
"महारुद्र बसवंतअप्पा बिडवे. हे कोण?"

भाऊ.
हप्ते मी भरलेले, नाव त्याचं,
आणि उदगीरच्या प्लॉटवरून तीन वर्षं
आमच्यात सवाल नाही, जवाब नाही.

"मालकाचा होकार पाहिजे. फोन लावा."

चार घोडेवाले ऐकायला जवळ सरकले.
पाचव्या रिंगला त्यानं उचलला.
मी चावीचं सांगितलं. फक्त चावीचंच.
तो म्हणाला, "हं."
मग म्हणाला, "दे त्याला."

जगजितसिंगनं स्पीकर लावला, आवाज एकदम अदबीचा:
"साहेब, दुसरी चावी तुमच्यापाशी हाय ना?
आता मी गाडीला शिकवीन, तेव्हा जी समोर नाही
ती गाडी इसरून जाईल. ठेवायची असंल तर घेऊन या,
न्हाईतर पुसतो."

उदगीरहून माळेगाव, दीडदोन तास.
मी गाडीच्या टपावरची धूळ बोटानं उगीच पुसत राहिले.

"पूर्णच बंद पडंल का ती?"

"न्हाई साहेब. दात तेच. दार उघडंल.
गाडी तेवढी सुरू होनार नाही."

पलीकडे कुकरची शिट्टी झाली. कुणीतरी 'कोण आहे' विचारलं.
"दार उघडतंय ना," महारुद्र म्हणाला,
"बास. पूस."

आणि फोन ठेवताना, घाईत,
"बर्फ टिकला का गं?"

लॅपटॉपवर पट्टी सरकत गेली. किल्ली फिरवा, बंद करा,
थांबा, परत फिरवा. लाल कुलूप विझलं.
चार हजार झाले. वहीत मी सही केली,
त्यानं नात्याच्या रकान्यात काही विचारलं नाही,
आपल्याच मनानं 'बहीण' लिहिलं.

अजून सहा घोडी तपासायची राहिली होती.
बर्फ, अर्धाच टिकला होता.